लसूण सटिव्हम, काकडी सटिव्हस, तांदूळ सटिव्हा : चूक कोणाची?

प्रश्न : ताई नमस्कार. मी सहकारनगरला राहते, रिटायर होऊन सहा वर्षं झाली, गच्चीवर कुंड्यांमधे भाजीपाला लावते. नातू म्हणाला आज्जी प्रत्येक कुंडीला पाटी लाव, वर मराठी नाव आणि खाली शास्त्रीय नाव. बसले लिहायला. तर लसणाला अ‍ॅलियम सटिव्हम, कोथिंबिरीला कोरिअँड्रम सटिव्हम, काकडीला क्युक्युमिस सटिव्हस, मुळ्याला रॅफॅनस सटिव्हस आणि हौसेने एका टबात इंद्रायणी लावलाय त्या भाताला ओरायझा सटिव्हा. मला वाटलं छापणाऱ्याने गोंधळ घातलाय, म्हणून सगळीकडे सटिव्हा करून टाकलं, एकसारखं बरं दिसतं. आता खालच्या मजल्यावरचे काका म्हणतात चूक आहे, पण का ते त्यांना सांगता येत नाही, आणि नातू मित्रांना सांगत सुटलाय की आज्जीने गच्चीभर गांजा लावलाय. हा शब्द आहे तरी काय, आला कुठून आणि त्याचं शेपूट का बदलतं?

उत्तर : आधी पाट्या पुसा, मग पुढचं वाचा. छापणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं, तिन्ही शेपटं बरोबर होती, एकसारखं करायच्या नादात तुम्हीच बिघडवलंत. वाईट वाटून घेऊ नका, मी एस.वाय.ला असताना जर्नलमधे हेच केलं होतं आणि मॅडमनी अख्ख्या पानावर लाल रेघ ओढली होती, का ते त्यांनीही सांगितलं नाही, नुसतं म्हणाल्या पाठ करा. पाठ करायची गरजच नसते खरं तर, निदान मराठी माणसाला तरी नाही.

कारण बघा, तुम्ही मंडईजवळच्या कुंभाराकडे जाता आणि म्हणता नवा माठ दाखवा, नवी सुरई दाखवा, नवं मडकं दाखवा. एकच विशेषण, तीन शेपटं. हे एकसारखं दिसावं म्हणून कोणी नवी माठ, नवी मडकं म्हणायला लागलं तर तुम्ही त्याला दुकानाबाहेर काढाल. सटिव्हस-सटिव्हा-सटिव्हम म्हणजे अगदी हेच, पुल्लिंगी नामाला सटिव्हस, स्त्रीलिंगी नामाला सटिव्हा, नपुंसकलिंगी नामाला सटिव्हम. हिंदीवाल्याला किंवा इंग्रजीवाल्याला हे समजावताना घाम फुटतो, कारण हिंदीत नपुंसकलिंग उरलं नाही आणि इंग्रजीत विशेषण हलतच नाही. आपल्याकडे तीनही लिंगं अजून शाबूत आहेत, तर त्याचा काहीतरी फायदा होऊ दे.

आणि हा फक्त दाखल्यापुरता सारखेपणा नाहीये बरं का. लॅटिनमधे नव्याला नोव्हस, नोव्हा, नोव्हम म्हणतात, संस्कृतमधे नवः, नवा, नवम्. शब्दही तोच, शेपटंही तीच, कारण दोन्ही भाषा एकाच जुन्या घराण्यातल्या. शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना तर लॅटिन विशेषणाचं टेबल बघून देव-माला-वन आठवायलाच पाहिजे.

आता अर्थ. सटिव्हस म्हणजे पेरलेला, माणसाने मुद्दाम पेरून वाढवलेला. लॅटिनमधे पेरण्याचं क्रियापद सेरो, त्याचं भूतकाळी रूप सेव्ही (मी पेरलं) आणि धातुसाधित साटस म्हणजे पेरलेलं. या साटसला -ईव्हस जोडलं की सटिव्हस. तीच रीत आणखी शब्दांत दिसते, नाटस म्हणजे जन्मलेला त्यापासून नाटिव्हस, आपण नेटिव्ह प्लेस म्हणतो तो नेटिव्ह त्यातलाच, आणि कॅप्टस म्हणजे पकडलेला त्यापासून कॅप्टिव्हस म्हणजे कैदी.

मला यात सगळ्यात गंमत वाटते ती अशी की मराठीत तंतोतंत तसंच वाजणारं एक शेपूट आहे आणि ते कामही साधारण तेच करतं. कोरलेलं ते कोरीव, घडवलेलं ते घडीव, आखलेलं ते आखीव आणि पाळलेला तो पाळीव. त्या चालीवर सटिव्हसचं मराठी करायचं तर पेरीव! पाळीव प्राणी तशी पेरीव झाडं. (दोन्ही शेपटांचं रक्ताचं नातं आहे असं मी म्हणत नाहीये हं, उगाच पुढच्या महिन्यात पत्रं नकोत, कान जुळले एवढंच.) फरक एकच, आपलं -ईव हलत नाही, कोरीव खांब, कोरीव मूर्ती, कोरीव लेणं सगळीकडे कोरीवच. रोमन माणसाचं -ईव्हस मात्र प्रत्येक नामापुढे वाकतं.

पेरीव म्हटलं की समोर रानटी आलंच. लॅटिनमधे ही जोडी फार जुनी आहे, इ.स. 79 मधे इटलीतला व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा मेला तो रोमन लेखक प्लिनी, त्याच्या लिखाणात सटिव्हसच्या विरुद्ध सिल्व्हेस्ट्रिस म्हणजे रानातलं असं सर्रास येतं. पुढे स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 साली स्पीशीज प्लांटारम हे पुस्तक काढलं, झाडांच्या दोन शब्दी नावांचा हिशोब आजही तिथूनच धरतात, त्यात त्याने ही जुनी विशेषणं भराभर वापरली. लसूण, कोथिंबीर, काकडी, मुळा, भात, तुमच्या पाट्यांवरचे पाचही त्याच पुस्तकातले. त्याशिवाय केशर म्हणजे क्रोकस सटिव्हस, कलौंजी म्हणजे नायजेला सटिव्हा आणि बाळंतिणीच्या लाडवातले अळीव म्हणजे लेपिडियम सटिव्हम. लसूणघास असतं ना गुरांचं, मेडिकागो सटिव्हा, त्याचा आणि लसणाचा काही संबंध नाही, तरी आडनाव एकच. जोशी जसे सगळीकडे असतात तसं.

आता नातवाला बोलवा. गांजाचं नाव कॅनाबिस सटिव्हा हे खरं, लिनियसनेच दिलेलं, पण त्यातला गांजा पहिल्या शब्दात आहे, दुसरा शब्द नुसता पेरीव एवढंच सांगतो. पुढे 1785 मधे लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने भारतातून आलेल्या झाडाला कॅनाबिस इंडिका म्हटलं, इंडिका म्हणजे भारतातली, तर तेवढ्यावरून पोरं मँगिफेरा इंडिका म्हणजे आपल्या आंब्याकडे बघून हसणारेत का? त्याला म्हणावं तू सकाळी आमटीभात खाऊन गेलास त्यातला भातही सटिव्हाच होता.

या सेरोचं गोत्र मोठं आहे. पेरण्याच्या कामाला लॅटिनमधे साटिओ, त्यातून फ्रेंचमार्गे इंग्रजी सीझन आला, म्हणजे आपण आंब्याचा सीझन, लग्नाचा सीझन म्हणतो त्याच्या मुळाशी पेरणी आहे, पावशा ओरडतो पेरते व्हा पेरते व्हा, तो पक्षी खऱ्या अर्थाने सीझन सांगतो. बियाण्याला सेमेन, त्यातून सेमिनारियम म्हणजे रोपवाटिका आणि त्याचाच पुढे सेमिनार झाला. पुण्यात दर शनिवारी कुठे ना कुठे सेमिनार असतो, तिथे एसीत डुलक्या काढणाऱ्या लोकांना कल्पना नसते की आपण रोपवाटिकेत बसलोय. शनी म्हणजे सॅटर्न, हाही साटसवरून आला असं वार्रो नावाच्या रोमन पंडिताने लिहून ठेवलंय, शनी हा रोमनांचा पेरणीचा देव होता त्यामुळे ऐकायला छान वाटतं, पण सॅटर्नमधला पहिला आ दीर्घ आणि साटसमधला ऱ्हस्व, त्यामुळे आताचे भाषावाले मान डोलवत नाहीत. मीही नाही डोलवत.

अजून एक फसवा जुळा भाऊ. लॅटिनमधे दुसरा एक सेरो आहे, दिसायला सेम, अर्थ ओवणे, गुंफणे. त्याचं धातुसाधित सर्टम, फुलांच्या माळेलाही हाच शब्द, आणि सिरीज त्यातूनच निघाला. म्हणजे एक सेरो शेतातला आणि एक गजऱ्यातला. सटिव्हस शेतातल्याचा.

आता तुमचा खरा प्रश्न, लिंग ठरवायचं कसं. इथे लोक हमखास आपटतात, कारण आपण आपल्या भाषेतलं लिंग डोक्यात घेऊन बघतो. काकडी आपल्याकडे ती, पण क्युक्युमिस लॅटिनमधे तो, म्हणून सटिव्हस. तांदूळ आपल्याकडे तो, ओरायझा तिकडे ती, म्हणून सटिव्हा. कोथिंबीर ती, कोरिअँड्रम ते. लसणाबद्दल तर आपल्याच घरात एकमत नाही, माझ्या सासूबाई लसूण सोलली म्हणायच्या आणि माहेरी लसूण सोलला, पण अ‍ॅलियम मात्र ते, त्यामुळे सटिव्हम, वाद मिटला. मुळा आणि रॅफॅनस दोघेही तो निघाले, हा योगायोग. झाडाला फूल कसलं येतं, फळ कसलं येतं याच्याशी काही देणंघेणं नाही, फक्त पहिल्या शब्दाचं लॅटिन लिंग बघायचं आणि दुसऱ्याने त्याच्यामागे जायचं. झाडांना नावं द्यायच्या नियमात तसं लिहिलेलंच आहे, दुसरा शब्द विशेषण असेल तर तो पहिल्याच्या लिंगाप्रमाणे चालतो. विशेषण असेल तर! कांदा म्हणजे अ‍ॅलियम सेपा, तिथे सेपा हे नामच आहे, सेपा म्हणजेच कांदा, त्यामुळे त्याला सेपम करायचं नाही. लसणाची पाटी दुरुस्त करायच्या भरात कांद्याला हात लावू नका.

तुम्ही भेंडी आणि अळूही लावत असाल असं धरून चालते. खाण्याजोगा याला एस्क्युलेंटस म्हणतात, भेंडी एबेलमॉस्कस एस्क्युलेंटस, अळू कोलोकेशिया एस्क्युलेंटा, आणि टोमॅटोचं जुनं नाव लायकोपर्सिकॉन एस्क्युलेंटम. आता टोमॅटो बटाट्या-वांग्याच्या सोलॅनम घराण्यात गेल्यामुळे ते नाव बदललंय पण जुन्या पुस्तकात सापडेल.

पाटीवर फक्त प्रथमा लागते, पण शेपटाचा विषय निघालाच आहे तर आता सगळी रूपं सांगते. मराठीत विशेषणाला विभक्ती जवळजवळ लागतच नाही, चांगला मुलगा चं चांगल्या मुलाला होतं, ला फक्त मुलाला चिकटतो, चांगला बिचारा एकदा चांगल्या होऊन गप्प बसतो. लॅटिनमधे संस्कृतसारखं नामाला जी विभक्ती तीच विशेषणाला. पुल्लिंगी एकवचन सटिव्हस, कर्म झालं की सटिव्हम, षष्ठीला सटिव्ही, चतुर्थीला आणि पंचमीला सटिव्हो. स्त्रीलिंगी सटिव्हा, कर्म सटिव्हाम, षष्ठी आणि चतुर्थी सटिव्हाय, पंचमीला परत सटिव्हा पण शेवटचा आ लांबवून. नपुंसकलिंगी सटिव्हम, कर्म झालं तरी सटिव्हमच (वनम् वनम् आठवा), बाकी पुल्लिंगीसारखं. अनेकवचनात सटिव्ही, सटिव्हाय आणि सटिव्हा. हो, नपुंसकलिंगी अनेकवचन पुन्हा सटिव्हा, म्हणजे एकच सटिव्हा पेरीव बाई पण आणि पेरीव बियाणी पण, संदर्भाने ओळखायचं. षष्ठी अनेकवचन सटिव्होरम आणि स्त्रीलिंगी सटिव्हारम, ते -आरम तुम्ही वर वाचलंच, स्पीशीज प्लांटारम म्हणजे झाडांच्या जाती. षष्ठी एकवचन हवं तर औषधांच्या लॅटिन नावात बघा, लसणाच्या गड्ड्याला बल्बस अ‍ॅलिई सटिव्ही म्हणतात, अ‍ॅलियमलाही षष्ठी आणि सटिव्हमलाही षष्ठी. आणि एखाद्याला हाक मारायची तर सटिव्हे, पण मुळ्याला हाक मारायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

उच्चाराचं म्हणाल तर कॉलेजात कोणी सटिव्हा म्हणतं, कोणी सटायव्हा, इंग्रजीतून आलेलं चालतं सगळं. जुन्या रोममधे साधारण सतीवा म्हणत असणार, ती लांब आणि जोर तिच्यावर.

प्रश्न : मागे एकदा वडाबद्दल लिहिलं होतंत तेव्हापासून डोक्यात किडा आहे. फायकसला शेवटी -अस आहे, म्हणजे पुल्लिंगी ना? मग पिंपळ फायकस रिलिजिओसा कसा, रिलिजिओसस का नाही? चिंचेचंही तेच, टॅमरिंडस इंडिका. (वाचक, औंध)

उत्तर : किडा बरोबर जागी चावलाय. -अस दिसला की पुल्लिंगी हे नव्वद टक्के वेळा चालतं, पण झाडांना नाही. रोमन लोक मोठ्या झाडांना बायका समजत, नाव -अस वर संपलं तरी. म्हणून फायकस ती, पिंपळ रिलिजिओसा, उंबर फायकस रेसिमोसा. तुती मोरस आल्बा, पांढरी, आल्बस नाही. आपल्याकडे वड, पिंपळ, उंबर तिघेही तो, बायका त्यांना फेऱ्या मारतात, आणि लॅटिनमधे तिघीही ती. वटपौर्णिमेला हे कोणाला सांगू नका.

वडाचं मात्र फायकस बेंगालेन्सिस, तिथे तुम्हाला लिंग दिसणारच नाही कारण ते दुसऱ्या जातीचं विशेषण आहे, पुल्लिंगी-स्त्रीलिंगीला एकच रूप -इस, आणि नपुंसकलिंगीला -ए. म्हणून आलं, झिंजिबर हे नपुंसकलिंगी, त्याचं झिंजिबर ऑफिसिनाले, ऑफिसिनालिस नाही. (ऑफिसिना म्हणजे कारखाना, औषधं बनवायची आणि साठवायची जागा, तेव्हा ज्या झाडामागे ऑफिसिनालिस ते कधीकाळी वैद्याच्या फडताळात होतं असं समजा. आपल्या ऑफिसचा चुलतभाऊ.) आणि तिसरी जात आपल्या लाल-सुंदर सारखी, प्रथमेला तिन्ही लिंगांत एकच रूप, ज्वारी बघा, सॉर्गम बायकलर, दोन रंगांची. लाल घोडा, लाल गाय, लाल वासरू, तसं.

चिंचेची तर वेगळीच मजा. टॅमरिंडस हा शब्दच अरबी तम्र हिंदी म्हणजे हिंदी खजूर याच्यावरून आला, त्यात हिंद आहेच, त्याच्यापुढे परत इंडिका लावलं. हिंदी खजूर भारतातली. आपण लेडीज बायकांचा डबा म्हणतो तसं झालं. त्यात चिंचेचं मूळ आफ्रिकेतलं, म्हणजे दोनदा सांगून दोन्ही वेळा चुकलं.

प्रश्न : मिरचीच्या शास्त्रीय नावातल्या दुसऱ्या शब्दात यू दोनदा आहे का एकदा? दोन वेगवेगळ्या नर्सऱ्यांत दोन वेगळ्या पाट्या बघितल्या. (वाचक, बिबवेवाडी)

उत्तर : दोनदा. कॅप्सिकम अ‍ॅन्युअम, विशेषण अ‍ॅन्युअस, अ‍ॅन्युआ, अ‍ॅन्युअम, म्हणजे वार्षिक, एका वर्षात आटोपणारा. मुळातच एक यू आहे आणि शेपटाचा आणखी एक, म्हणून सूर्यफूलही हेलिअँथस अ‍ॅन्युअस, तिथेही दोन. एका यूचं अ‍ॅनम आपण बँकेत बघतो, एफडीवर सात टक्के पर अ‍ॅनम, ते नाम आहे, वर्ष. बहुतेक पाटी रंगवणाऱ्याची एफडी असावी. आणि नाव वार्षिक असलं तरी मिरचीचं झाड वर्षाने उपटून टाकू नका, आपल्याकडे बर्फ पडत नाही त्यामुळे नीट छाटलं तर दुसऱ्या वर्षीही मिरच्या देतं, माझ्याकडचं एक तिसऱ्या वर्षात आहे.